माझा नववा दात

मी एक जुनी दातांची माळ आहे. घाबरू नका मित्रांनो, माझे दात कुणाच्या तोंडातून काढलेले नाहीत. चिनी मातीचे सोळा खोटे दात एका चपट्या दांडीत ओळीने खोवलेले, पहिला सगळ्यांत पांढरा आणि सोळावा सगळ्यांत काळपट, अशी माझी बांधणी. दातांचे डॉक्टर मला शेड गाईड म्हणतात. कुणाला खोटा दात बसवायचा असला, की माझ्यातला एकेक दात त्याच्या खऱ्या दाताशेजारी धरून बघतात आणि जो जुळेल त्या नंबराचा दात बनवून घेतात. मी नसते तर कुणाच्या तोंडात कसल्या रंगाचा दात बसला असता, देव जाणे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी फार संशयी आहे. त्यात माझा दोष थोडा आणि माझ्या डबीचा जास्त. डबीवर परदेशातल्या एका गावाचं नाव छापलं होतं. पण ज्या दुकानात मला विकायला ठेवलं होतं, तिथला माणूस शेजाऱ्याला हळूच सांगत होता की हा माल दिल्लीकडचा आहे. आपला जन्म कुठला, याच्याच दोन-दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या तर कुणाचा विश्वास टिकेल? तेव्हापासून डबीवर लिहिलेलं मी काहीही खरं मानत नाही.

२००१ साली डॉक्टर विजयमाला यांनी मला पुण्याहून नेवाशाला आणलं. कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. आल्या आल्या त्यांनी माझ्या प्रत्येक दाताच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून एक ते सोळा आकडे लिहिले. रोज काम झालं की स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसायच्या आणि वरच्या ड्रॉवरमध्ये मऊ फडक्यावर ठेवायच्या. इतक्या निगुतीने मला नंतर कुणी वागवलं नाही.

डॉक्टरांची रंग बघायची रीत ठरलेली होती. सकाळची वेळ, उत्तरेची खिडकी, ट्यूबलाईट बंद. पेशंटने भडक कपडे घातले असतील तर गळ्यापासून राखाडी फडकं पांघरायचं. आणि सगळ्यांत आधी पेशंटला पेलाभर पाणी प्यायला लावायचं. दात कोरडा पडला की आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. नुसतं तोंड उघडं ठेवून बसलं तरी एखाद-दुसरा नंबर फसवा दिसतो. म्हणून डॉक्टर म्हणायच्या, "ओल्या दाताचा रंग तो खरा." मला हे फार पटलं. माझ्यापेक्षा संशयी कुणीतरी भेटलं, म्हणून बरंही वाटलं.

मित्रांनो, लोकांचे दात बघता बघता लोकही कळतात. चौदाव्या नंबराचे दात घेऊन येणारा माणूससुद्धा पहिल्या नंबराकडे बोट दाखवून "हा बसवा" म्हणतो. मिश्री कधी लावलीच नाही असं शपथेवर सांगणाऱ्या बायांच्या दातांच्या फटी मी पाहिल्यात. अशा धंद्यात राहून मी भोळी राहिले असते तर नवल होतं.

कारभारी पहिल्यांदा दवाखान्यात आले ते २००३ च्या उन्हाळ्यात. तोंडावर टॉवेल धरलेला आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी आक्काबाई. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कारभारींचं नाव मोठं होतं. ते बैल विकत नसत की घेत नसत. ते फक्त दात बघत. बैलाचे पक्के दात दोन-दोन करून येतात. दोन आले की तो दोन दाती, मग चार दाती, सहा दाती आणि आठही आले की जुळला. पुढे ते झिजायला लागतात. दातांवरून बैलाचं वय कळतं, आणि म्हणून लबाड व्यापारी म्हाताऱ्या बैलाचे दात राखेने आणि विटकरीने घासून, त्यावर काहीबाही चोपडून त्यांना तरुण करून टाकतात. अशा वेळी शेतकरी कारभारींना शोधत यायचा. कारभारी बैलाला आधी हौदावर न्यायचे, पोटभर पाणी पाजायचे आणि मगच त्याचा ओठ वर करायचे. चोपडलेलं सगळं पाण्याने निघून गेलेलं असायचं. मग ते जे सांगतील त्यावर बाजारात कुणी दुसरं बोलत नसे.

असा माणूस एका खोंडाचं तोंड उघडायला गेला आणि खोंडाने मान झटकली. कारभारींचा वरचा, अगदी समोरचा दात हिरडीपाशी मोडला. दात बघणाऱ्याचाच दात बैलाने पाडला म्हटल्यावर बाजार वर्षभर हसला असता. म्हणून बहिणीकडे पुणतांब्याला जातो असं सांगून ते गुपचूप आमच्याकडे आले.

"बाई, दात आसा बसवा की कुनाला म्हंजी कुनाला वळखू येऊ नये," ते म्हणाले.

"मला येनारच की," आक्काबाई म्हणाल्या. "मी हितंच बसलीय न्हवं."

डॉक्टरांनी कारभारींना खिडकीशी बसवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला. पेल्याकडे आणि मग डॉक्टरांकडे ते बघत राहिले. "आमीबी जनावराला आदी पानीच पाजतो," ते म्हणाले आणि पाणी पिऊन त्यांनी निमूट तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझा आठवा दात लावून पाहिला, तो उजळ वाटला. दहावा काळा वाटला. नववा मात्र असा जुळला की दोन दातांमधली रेघ दिसेना. नगरच्या लॅबमधून नवव्या नंबराचा दात बनून आला, बसला आणि कारभारी आरशात बराच वेळ बघत उभे राहिले. मीही खोट काढायला बघितलं. सापडली नाही. तुमच्यापाशी कबूल करते, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

"माळंचं काम हाय बरं का ह्ये," जाताना आक्काबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझं माळ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पुढची चार वर्षं तो दात खोटा आहे हे कारभारींशिवाय फक्त चौघींना ठाऊक होतं: डॉक्टरांना, आक्काबाईंना, नगरच्या लॅबमधल्या बाईला आणि मला.

२००७ साली घोडेगावच्या बाजारात गहिनीनाथ नावाचा एक विक्रेता येऊ लागला. त्याच्या घडीच्या टेबलावर दात पांढरे करणाऱ्या पट्ट्यांची पाकिटं असायची. बोटभर रुंदीची पातळ पट्टी, एका बाजूला चिकट लेप. घरच्या घरी रोज अर्धा तास दातांवर चिकटवायची, चौदा दिवसांत दात मोत्यासारखे, असं तो ओरडून सांगायचा. गर्दीतल्या कुणाला तरी खुर्चीत बसवून पट्टी लावायचा, तेवढ्या वेळात बडबड करायचा आणि पट्टी काढून लगेच आरसा पुढे करायचा. लोक बघायचे आणि मग कारभारींकडे वळायचे. बैलाचा असो की माणसाचा, दात म्हटलं की त्या बाजारात कारभारींनाच विचारायचं.

"थांबा. सोत्ता बघतो, मग सांगतो," असा शब्द कारभारींनी भर बाजारात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पाकीट घेऊन ते आमच्याकडे हजर झाले.

"बाई, समदं ढोंग हाय ह्ये," ते म्हणाले. "पन ढोंग म्हनायला पुरावा लागतो. आज माज्या दातांचा रंग लिवून ठेवा. चौदा दिसांनी पुन्ना बगा. हाय तसाच ऱ्हानार त्यो. मग मी बाजारात उभा ऱ्हाऊन सांगतो."

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. वर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं. कुणी बनवलं त्याचं नाव नव्हतं, आत काय आहे तेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या जुन्या डबीवर निदान खोटं का होईना, गावाचं नाव तरी होतं.

"मामा, हे तोंडात घालू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आत काय आहे ते मला माहीत नाही. हिरड्या पोळतील. आणि समजा, दात उजळलेच, तर तुमचा तो बसवलेला दात उजळणार नाही. चिनी मातीवर असला लेप चालत नाही. तो नववाच राहील आणि उठून दिसेल."

"बाई, उपेग हुनारच न्हाई, तर त्या दाताची काळजी कशाला?" कारभारी हसून म्हणाले.

इथेच ते चुकले. आणि मित्रांनो, मीही चुकले, कारण ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मी त्यांच्याच बाजूने होते. मला त्या पट्ट्यांचा एवढा संशय होता की त्या थोड्यासुद्धा खऱ्या असतील असा विचार माझ्या मनाला शिवला नाही. डॉक्टरांनी पाणी पाजून रंग बघितला. समोरचे सगळे दात नववे. तसं त्यांनी केसपेपरवर लिहिलं आणि पट्ट्या लावूच नका, असं पुन्हा एकदा बजावलं.

चौदाव्या दिवशी कारभारी आले ते दातांवर पट्टी लावूनच. गहिनीनाथने सांगितलं होतं, काढल्या काढल्या बघा. डॉक्टरांच्या समोर त्यांनी पट्टी सोलून काढली आणि आक्काबाईंनी आरसा पुढे केला.

समोरचे दात पांढरे झाले होते. एक सोडून. त्या पांढऱ्या रांगेत, अगदी मधोमध, माझा नववा दात पिवळा धमक दिसत होता. चार वर्षं जो कुणालाच दिसला नाही, तो आता दारातून दिसला असता.

"आवं, त्यो दात," असं म्हणून आक्काबाई थांबल्या.

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. बाकीचे दात माझ्या तिसऱ्याशी जुळत होते. मला आधी खिडकीतल्या उजेडाचा संशय आला. मग मला वाटलं, माझाच तिसरा दात मळला असेल. नवव्याकडे तर मला बघवेना. डॉक्टर मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, "दात कोरडे आहेत. भरपूर पाणी प्या आणि उद्या सकाळी या. आता पाहिलेलं मी धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दात पाचव्याशी जुळले. हिरड्यांची कड पांढुरकी पडली होती आणि पेल्यातलं गार पाणी लागताच कारभारींनी डोळे मिटून घेतले.

"म्हंजी पट्टी खरी हाय का काय?" त्यांनी विचारलं.

"काल तिसरा दिसला तो कोरडेपणाचा खेळ होता," डॉक्टर म्हणाल्या. "आज पाचवा आहे, म्हणजे दात थोडे उजळलेत हे खरं. ते टिकतं किती, ते महिन्याने बघू. पण आता ती पट्टी पुन्हा लावायची नाही. हिरड्या बघा काय झाल्यात."

"मग ह्यो दात काडा आन् पाचव्या नंबरचा बसवा."

"बसवीन की. पण महिन्याभरात बाकीचे खाली आले तर तो पांढरा म्हणून उठून दिसेल. मग काय, दर महिन्याला पट्ट्या लावत बसणार?"

कारभारी टॉवेलने तोंड झाकून हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतो बाजारात, पट्टी कामाची न्हाई म्हनून. लोकं मानतील. त्वांड उघडून दाखवायचं कामच न्हाई."

डॉक्टर टेबलावरची कात्री-चिमटे आवरू लागल्या. आक्काबाईंनी आरसा उपडा ठेवला. "जलमभर लोकांच्या बैलांची तोंडं उघडली तुमी," त्या म्हणाल्या. "एकबी बैल म्हनला न्हाई, माजं उघडू नगा म्हनून. आन् तुमालाच लाज?"

त्यावर कारभारी उठले आणि जिना उतरून गेले. आक्काबाईंना त्यांच्यामागे धावावं लागलं.

मला वाटलं, हा माणूस आता खोटं बोलणार. पहिल्या नंबराकडे बोट दाखवणारी इतकी माणसं मी पाहिली होती, की याचंही तसंच होणार असं मी धरून चालले. त्याने बैलांच्या बाबतीत आयुष्यभर खरं सांगितलं असेल, पण स्वतःच्या तोंडाची गोष्ट वेगळी असते.

महिन्याने दोघं परत आले. कारभारी खंगल्यासारखे दिसत होते. टॉवेल तोंडावरच होता. बोलणं सगळं आक्काबाईंचं.

"बाई, चार बाजार झाले, ह्ये घराभाईर न्हाईत. दाढ दुखतीय म्हनून सांगत्यात समद्यांना. तिकडं त्यो गहिनीनाथ काय म्हनतोय म्हाईत हाय का? कारभारींनी चौदा दिस पट्टी लावली, खोटी आसती तर बोलले नसते का, गप हायेत म्हंजी पट्टी खरी. आन् लोकं घेत्यात. बोअरच्या पान्यानं दात पिवळे झालेल्या पोरी घेत्यात. शेजारच्या सुनंनं अर्ध्या तासाची पट्टी दोन तास ठिवली, हिरडीला फोड आले तिच्या."

कारभारींनी टॉवेल खाली घेतला. "पुनतांब्याकडचा एक शेतकरी घरी आल्ता," ते म्हणाले. "सहादेव व्यापाऱ्यानं त्याला सहा दाती म्हनून बैल दिला. घरी नेऊन पानी पाजलं तर दात पार झिजल्याले. मला म्हनला, तुमी का न्हवता? मी टावेलातूनच बोललो त्याच्याशी, बाई. त्याच्या डोळ्याला डोळा देता आला न्हाई."

डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि रंग पाहिला. पाचव्यावरून दात सातव्यावर आले होते. खोटा दात नववा तो नववा. फरक आता थोडा होता, पण समोरच्या माणसाला दिसेल एवढा होताच.

"बाई," कारभारी म्हणाले, "ही माळ मला एक दिस द्या."

डॉक्टर विचारात पडल्या. मी तर हादरले. सहा वर्षांत मी त्या ड्रॉवरपासून खिडकीपर्यंतच गेले होते. पण डॉक्टरांनी मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून आक्काबाईंच्या हातात दिलं आणि मी भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली यांच्या शेजारी पिशवीत बसून घोडेगावला निघाले. वाटभर मी ठेच्यापासून अंग चोरत होते.

बाजार कसा असतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. धूळ, घुंगरं, शेणाचा वास, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. कारभारी थेट हौदापाशी गेले आणि त्याच्या कठड्यावर उभे राहिले. त्यांना बघून लोक भोवती जमले. गहिनीनाथ आपलं टेबल सोडून आला. मागे दोन बैल घेऊन सहादेव उभा होता.

कारभारींनी तोंडावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. बाटली उघडली, घटाघटा पाणी प्यायले आणि तोंड उघडलं. आक्काबाईंनी मला वर धरलं.

"मदला दात बगा," कारभारी म्हणाले. "त्यो खोटा हाय. चार वर्सामागं एका खोंडानं माजा दात पाडला. मी कुनाला सांगितलं न्हाई. लाज वाटली."

सहादेव पुढे झाला. "म्हंजी ज्याच्या सोत्ताच्या तोंडात खोटा दात, त्यो आमच्या बैलांचे दात खरं-खोटं करनार व्हय?"

लोक हसले. पुष्कळ लोक हसले. मित्रांनो, मला त्या वेळी हौदात पडून बुडून जावंसं वाटलं. तो दात माझ्यावरूनच बनला होता.

कारभारी हसू ओसरेपर्यंत थांबले. "सहादेवा, खोटा हाय म्हनूनच त्यो बदलला न्हाई," ते म्हणाले. "पट्टी लावली तवा बाकीचे दात पांढरे झाले आन् महिन्यात निम्मे माघारी आले. ह्यो एकटा जागचा हलला न्हाई. माजे दात आदी कसे हुते, ह्ये कुनाला बगायचं आसंल तर ह्या खोट्या दाताकडं बगा. मी खोटं बोलाय निगालो हुतो, पर ह्यो बोलू देईना."

मग त्यांनी आक्काबाईंच्या हातून मला घेतलं आणि एकेका माणसाला जवळ बोलावलं. हा नववा, आधी सगळे असे होते. हा तिसरा, पट्टी काढल्या काढल्या असे दिसले, पण ते दात कोरडे होते म्हणून. हा पाचवा, दुसऱ्या दिवशीचा. आणि हा सातवा, आज. ज्यांच्या तोंडात बसवलेला दात आहे त्यांनी पट्टीच्या वाटेला जाऊ नका. हिरड्या पोळल्या, गार पाणी पिताना अजून कळ येते, तेही त्यांनी सांगितलं. "पट्टी पुरी खोटी न्हाई," ते शेवटी म्हणाले, "पन गहिनीनाथ सांगतो तेवडी खरीबी न्हाई. मी म्हनत हुतो समदं ढोंग हाय. मीबी चुकलो."

"ऐकलं का, पट्टी काम करती," गहिनीनाथ लगेच ओरडला.

"करती. पन ती केली कुनी, आन् तिच्यात हाय काय, त्ये सांग," कारभारी म्हणाले.

गहिनीनाथने पाकीट एकदा पालथं केलं, एकदा उताणं केलं. मग माल पुण्याहून येतो असं काहीतरी पुटपुटत तो टेबलाकडे गेला. थोड्या वेळाने ते टेबल तिथे नव्हतं.

आणि मग तो पुणतांब्याकडचा शेतकरी गर्दीतून पुढे आला. त्याने सहादेवच्या एका बैलाची वेसण धरली आणि त्याला हौदाकडे ओढलं. "कारभारी," तो म्हणाला, "आदी पानी पाजू, मग तुमी दात बगा." आता लोक हसले ते सहादेवकडे बघून. कारभारी कठड्यावरून उतरले आणि बैल पाणी पीत होता तेवढा वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

माझं मात्र त्या गर्दीत नुकसान झालं. मी या हातातून त्या हातात जात होते. कुणीतरी नववा दात नीट बघायला ओढला आणि तो दांडीतून निसटून खाली पडला. खाली चिखल, शेण आणि बैलांचे खूर. आक्काबाईंनी पदर खोचून चिखल चाळला. बैलाचे दात सांगून झाल्यावर कारभारीही गुडघ्यावर बसून शोधू लागले. दात सापडला नाही. नवव्याच्या जागी एक खाच घेऊन मी नेवाशाला परत आले.

कारभारींनी मान खाली घालून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर थोड्या नाराज झाल्या, हे मी लपवणार नाही. पुण्याच्या दुकानदाराने कळवलं की सुटा दात मिळत नाही, घ्यायची तर सबंध माळ घ्या. तसंच चालवू म्हणून त्यांनी मला पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुढचा दात पडलेल्या एक शिक्षिका आल्या. माझा आठवा त्यांना उजळ झाला, दहावा काळा झाला.

डॉक्टरांनी घोडेगावला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कारभारी आले. टॉवेल खांद्यावर होता. उत्तरेच्या खिडकीशी शिक्षिकाबाईंच्या शेजारी ते बसले आणि न सांगता पेला उचलून पाणी प्यायले. दोघांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि कागदावर नऊ लिहिलं. पुढची दोन वर्षं नववा नंबर लागला की कारभारींना बोलावणं जायचं. बाकावर बसलेले पेशंट त्यांना बघून "नववा आला" म्हणायचे, आणि कारभारी तो दात दाखवून हसायचे. एवढं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

२००९ साली नवी माळ आली. सोळाच्या सोळा दात, चकचकीत. वरचा ड्रॉवर तिला मिळाला आणि मी खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या केसपेपरांखाली गेले. मला आता कुणी पुसत नाही. इतकी वर्षं स्पिरिटने पुसून माझेही रंग थोडे उडाले असतील. पूर्वी मी जगाचा संशय घ्यायचे, हल्ली कधीकधी स्वतःचाही घेते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला उघडं-नागडं अडगळीत टाकू नका. फडक्यात गुंडाळून ठेवा, एखादा भाग निखळला असेल तर शोधून बघा. आणि तुमच्याकडे कुणी चौदा दिवसांचा चमत्कार घेऊन आलं तर खुशाल संशय घ्या, त्याला पाणी पाजा आणि मग बघा. पण आपला संशय खोटा ठरला तर तेही बोलून दाखवा. मी कारभारींबद्दल खोटा संशय घेतला होता आणि त्यांना ते सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

नवी माळ आली त्या दिवशी डॉक्टरांनी कारभारींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांनी तिचा नववा दात कारभारींच्या दाताशी लावला, पाच मोजेपर्यंत बघितलं, डोळ्यांना विसावा म्हणून निळ्या रुमालाकडे नजर नेली, परत बघितलं. किंचित फरक होता.

"म्हंजी माजा बिगडला म्हना की आता," कारभारी म्हणाले.

"नाही मामा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी नव्या माळेच्या नवव्या दाताच्या पाठीवर पेनाने लिहिलं, 'कारभारींना विचारणे'.